पाथवेवर प्रोटीन, नोंद ३ : ग्लुट१ चा निळा बॉक्स खोटा निघाला

मंडळी, तीन आठवडे गप्प होते कारण मागच्या नोंदीत टाकलेला नकाशा मी पुसून पहिल्यापासून परत केला. का ते सविस्तर सांगते, तुमच्यापैकी कुणी मॅक्सक्वांटची (मास स्पेक्ट्रोमीटरच्या डेटातून प्रोटीन ओळखून मोजणारं सॉफ्टवेअर) फाईल थेट पाथव्हिजिओत (पाथवेच्या नकाशावर आकड्यांनुसार रंग भरणारं सॉफ्टवेअर) टाकत असेल तर तुमच्याकडेही हेच झालं असणार.

सामान तेच आहे. प्राइडवरचा (प्रोटीनच्या मोजमापांचं खुलं भांडार) खुला डेटा, माणसाच्या पेशी, तीन नमुने नेहमीच्या हवेत वाढवलेले आणि तीन कमी ऑक्सिजनमध्ये. नकाशा विकिपाथवेज या खुल्या संग्रहातला डब्ल्यूपी५३४, म्हणजे ग्लायकोलिसिस, पेशी ग्लूकोज फोडते तो मार्ग; त्यावर प्रत्येक प्रोटीनचा एक बॉक्स. लाल म्हणजे कमी ऑक्सिजनमध्ये वाढलं, निळं म्हणजे घटलं.

तर मागच्या नकाशावर एलडीएचए, पीजीके१, अल्डोलेज ए, हेक्सोकायनेज २ ही या मार्गातली एन्झाइमं, सगळे छान लाल आले होते आणि मी खूश होते, पण वरच्या टोकाला ग्लुट१ गडद निळा. हे पटेचना. ऑक्सिजन कमी झाला की एचआयएफ-१ (जीन चालू करणारं प्रोटीन) जागं होतं आणि ग्लूकोज आत घेणारं हे प्रोटीन वाढवतं, ते घटेल कसं? मूळ फाईलमध्ये जाऊन ती ओळ बघितली तर सहापैकी एकाच नमुन्यात आकडा, नेहमीच्या हवेतल्या, आणि बाकी पाच ठिकाणी शून्य. मॅक्सक्वांट एलएफक्यूच्या (प्रत्येक नमुन्यातलं प्रोटीनचं प्रमाण) कॉलममध्ये प्रोटीन सापडलं नाही की ० लिहितं आणि मी लॉग घेता यावा म्हणून सगळीकडे १ मिळवला होता, त्यामुळे "सापडलं नाही" चं थेट "अजिबात नाही" झालं आणि सरासरी काढल्यावर बॉक्स निळा पडला. खरं तर ग्लुट१ पेशीच्या आवरणातून १२ वेळा आरपार जातं, त्यावर साखर चिकटलेली असते, ट्रिप्सिनने (प्रोटीन कापणारं एन्झाइम) कापलं तर मशीनला सोयीचे पेप्टाइड, म्हणजे तुकडे, फार कमी मिळतात. नाही दिसलं यात नवल काहीच नाही, पेशीबद्दल त्यातून काही कळत नाही.

आता शून्य असेल तिथे रकाना रिकामाच ठेवते, आणि दोन्ही गटांत तीनपैकी निदान दोन-दोन आकडे असतील तरच फरक काढते. ग्लुट१ चा बॉक्स आता बिनरंगाचा आहे आणि मला तो तसाच बरा वाटतो.

पण सरसकट सगळं रिकामं ठेवणंही चूक, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. एचआयएफ१ए, म्हणजे वरच्या एचआयएफ-१ चाच एक भाग, स्वतःच बघा. नेहमीच्या हवेत त्यावर हायड्रॉक्सिल लागतो, व्हीएचएल नावाचं प्रोटीन ते पकडतं आणि प्रोटिअसोममध्ये (पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र) त्याचा चुरा होतो, म्हणजे तिथे ते न दिसणं हीच खरी बातमी आहे! माझ्या फाईलमध्ये ते कमी ऑक्सिजनच्या तिन्ही नमुन्यांत आहे आणि दुसरीकडे एकाही नाही. अशांसाठी "फक्त एकाच बाजूला" असा वेगळा कॉलम केला, तिन्हीत हजर आणि तिन्हीत गैरहजर असेल तरच १, आणि पाथव्हिजिओत त्याला वेगळा रंगाचा नियम दिला, जांभळा. लाल-निळ्याच्या ग्रेडियंटमध्ये घुसवायचं नाही, कारण भागाकारच होत नाही तर किती पट वाढलं हे सांगणार कुठून.

आयडीचं थोडक्यात. एका ओळीत अर्धविरामाने जोडलेले चार-पाच युनिप्रॉट आयडी (प्रोटीनचे ओळख क्रमांक) असतात, ती अख्खी माळ ब्रिजडीबीला (आयडी नकाशावरच्या बॉक्सशी जुळवणारं साधन) कळत नाही, पहिला ठेवला की काम होतं. उलटे (चुकीची ओळख किती ते तपासायला मुद्दाम उलटवलेले खोटे क्रम) आणि कचऱ्याचे (म्हणजे आपल्याच त्वचेचं केराटिन वगैरे) आधीच काढून टाका. आयडीमागचा "-२" (त्याच प्रोटीनच्या वेगळ्या रूपाची खूण) मात्र डोळे मिटून उडवू नका, पी१४६१८ या एकाच आयडीमध्ये पीकेएम१ आणि पीकेएम२ ही दोन्ही रूपं येतात, एकात जीनचा एक्सॉन (तुकडा) ९ आणि दुसऱ्यात १०, आणि नकाशावर दोघांना मिळून बॉक्स एकच. मी दोन्ही ओळींचे आकडे बाजूला वहीत लिहून ठेवलेत, सध्या तरी दुसरा उपाय नाही.

झेड-स्कोअर (नकाशावर बदललेली प्रोटीनं योगायोगापेक्षा किती जास्त आहेत त्याचा आकडा) परत काढला तर ग्लायकोलिसिस १.९६ या नेहमीच्या मर्यादेच्या वर टिकलं, पण आधी वर आलेले दोन-तीन पाथवे खाली गेले, ते बहुतेक माझ्या शून्यांवरच उभे होते.

आता क्रेब्स चक्राच्या (ग्लायकोलिसिसनंतरचा, ऑक्सिजनवर चालणारा टप्पा) नकाशावर बसलेय आणि तिथे वेगळीच अडचण. पीडीके१ लाल, पण त्याने ज्याला फॉस्फेट लावून बंद करायचं ते पीडीएचए१ (या चक्राला पायरुवेटमधून इंधन पुरवणाऱ्या एन्झाइमचा भाग) जसंच्या तसं, फरक जवळपास शून्य. प्रोटीन तेवढंच आहे, काम थांबलंय, आणि माझा नकाशा फक्त प्रमाण दाखवतो. पीडीएचए१ मधल्या सेरीन २९३ या जागेवरच्या फॉस्फेटचा आकडा मिळाला तर बॉक्सचे दोन उभे भाग करून डावीकडे प्रमाण आणि उजवीकडे फॉस्फेट दाखवता येईल. कमी ऑक्सिजनचा, फॉस्फो आणि साधा दोन्ही मोजलेला खुला डेटा कुणी वापरला असेल तर त्याचा प्राइड नंबर सांगा, या शनिवारी रात्री बसणार आहे.