दोन थरांच्या मधली माती

हिमनदीचा गाळ म्हटलं की सगळे त्या मोठ्या धोंड्यांचे फोटो टाकतात, आणि टाकावेतच म्हणा, भारी दिसतात. पाणी गाळ वाहून नेतं तेव्हा निवडून टाकतं, जड आधी, बारीक नंतर. बर्फाला असली शिस्त नाही. पिठासारखी पूड, खडी, घराएवढा धोंडा सगळं एकत्रच ओढून आणायचं आणि वितळताना तिथंच टाकून द्यायचं. या खिचडीला टिल म्हणतात.

पण माझा जीव अडकतो तो टिलच्या दोन थरांच्या मधल्या जुन्या मातीच्या काळपट-तांबूस पट्ट्यात. टिल साचायला तुलनेनं थोडा काळ पुरतो, पट्टा मात्र हजारो वर्षांचा असू शकतो, कारण तेव्हा बर्फ मागे हटलेला होता, वर गवत-झाडं होती, मुळं खाली जात होती, पावसाचं पाणी मुरत होतं. म्हणजे वीतभर जाडीत जास्त वेळ आणि पुरुषभर जाडीत कमी, हे डोक्यात बसायला मला बराच वेळ लागला!

ओळखायची एक साधी युक्ती आहे. टिलमध्ये चुनखडीची पूड असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं. त्याच टिलवर तयार झालेल्या जुन्या मातीत वरच्या भागात थेंब नुसता जिरतो, कारण पावसानं चुना कधीच खाली धुऊन नेलाय. जरा खाली सरकून परत थेंब टाका, कुठंतरी फेस येतोच. पाणी चुना धूत कुठवर गेलं होतं ते तिथं कळतं.

अमेरिकेत इलिनॉयमध्ये अशी माती विहिरी खणताना सापडायची, १८९८ मध्ये भूवैज्ञानिक फ्रँक लेव्हरेटनं तिला सँगॅमन नाव दिलं. तिची सुरुवात साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळातली.

आणि विस्कॉन्सिनच्या टू क्रीक्सला तर अख्खं जंगलच गाडलं गेलंय, स्प्रूसची (थंड भागातलं सूचीपर्णी झाड) खोडं, बुंधे, खालच्या मातीसकट, वर तळ्याचा गाळ आणि त्याच्यावर परत आलेल्या बर्फाचा. लाकडातल्या कार्बनवरून वय काढायची रेडिओकार्बन पद्धत नवीन होती तेव्हा ती शोधणाऱ्या विलर्ड लिबीनं हेच लाकूड तपासलं. तोवर हे जंगल गाडणाऱ्या बर्फाचा अंदाज २५,००० वर्षांच्या आसपासचा होता, आकडा आला ११,४०० च्या जवळपास (आताच्या दुरुस्तीनं साडेतेरा-चौदा हजार धरतात). एका ओंडक्यानं बर्फाला हजारो वर्षं अलीकडे आणून ठेवलं.