अजून गरम आहे का?

जाळीवर बारा कपकेक, टेबलाला टेकलेलं एक नाक, आणि पाचव्यांदा तोच प्रश्न: "आता झाला ना गार?"

वरून हात लावला तर गारच लागतो. पण उलटा करून बुडाला बोट लावा, तिथे ऊब असते. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे त्या उबेवर आयसिंगचं फूल काढलं की पाच मिनिटांत ते कागदी वाटीवरून ओघळतं. मग रडारड.

पाऊण तास तरी थांबायलाच हवं. पाककृतीत "१८० अंशांवर १८ मिनिटं" ठळक लिहितात, हा पाऊण तास मात्र "गार झाल्यावर" या दोन शब्दांत उरकतात. मुलांसाठी खरी परीक्षा तीच!

त्या वेळात आयसिंग त्यांच्याकडेच द्यावं. १०० ग्रॅम मऊ बिनमिठाचं बटर, चाळलेली २०० ग्रॅम आयसिंग शुगर, चमचाभर दूध. साखर दोन-तीनदा थोडी थोडी घालायची, नाहीतर पांढरा ढग थेट नाकात.

कोन अर्धाच भरा. मुलं मधेच दाबतात आणि सगळं वरून मनगटावर येतं. मेंदीच्या कोनासारखं वरचं तोंड पिळून रबर लावलं की निम्मा प्रश्न सुटतो. हाताच्या उबेनं आयसिंग पातळ झालं तर कोन दहा मिनिटं फ्रीजमध्ये.

म्हणजे परत वाट बघणं. तुमच्याकडे या वेळात काय करता?