लाल केसांची हानी

नेदरलँड्समधल्या हारलेमला येऊन तीन वर्षं झाली, तरी डच ‘स्ख’ काही जमत नाही. घसा खरवडून काढावा लागतो. शेजारच्या आजींनी ‘हानी स्खाफ्त’ हे नाव माझ्याकडून चारदा म्हणवून घेतलं. मराठीत ‘हानी’ म्हणजे काय, ते मी त्यांना सांगितलं नाही.

हानी इथलीच. जन्म 1920 चा, अ‍ॅम्स्टरडॅमला कायदा शिकायची. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात होता; 1943 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांकडून निष्ठापत्रावर सह्या मागितल्या. तिने केली नाही, शिक्षण सुटलं. ज्यू मैत्रिणींसाठी ओळखपत्रं चोरणं आधीच सुरू झालं होतं. मग ती जर्मनांशी लढणाऱ्या भूमिगत गटात गेली, हातात पिस्तूल आलं. ट्रूस आणि फ्रेडी या ओव्हरस्टेगन बहिणी तिच्या सोबतिणी. सायकलवरून जायचं, फितुराला गोळी घालायची, सायकलवरूनच पसार व्हायचं. जर्मन तिला शोधत होते ते ‘लाल केसांची मुलगी’ म्हणून. तिने केस काळे केले, चष्मा लावला.

21 मार्च 1945 ला नाक्यावर झडती झाली. सायकलच्या पिशवीत भूमिगत वर्तमानपत्रं आणि पिस्तूल सापडलं. पुढचं आपल्याकडच्या कलप लावणाऱ्या कुठल्याही बाईला लगेच कळेल: कोठडीत कलप कुठला मिळणार? मुळाशी लाल रंग डोकावू लागला. 17 एप्रिलला समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत तिला गोळ्या घातल्या. देश मोकळा व्हायला 18 दिवस उरले होते.

युद्धानंतर त्या वाळूतून 422 मृतदेह निघाले. 421 पुरुष, आणि एकटी ही. नोव्हेंबर 1945 मध्ये राणी विल्हेल्मिनाच्या उपस्थितीत तिचं दफन झालं.

आणि सहाच वर्षांत वारं फिरलं. हानीचा गट कम्युनिस्टांच्या जवळचा; शीतयुद्धात ते अडचणीचं झालं. 1951 मध्ये तिच्या स्मरणदिनी लोक कबरीकडे निघाले, तर सरकारने सैन्य लावून रस्ता अडवला. राणी जिथे उभी राहिली होती, तिथे लोकांना जाऊ देईनात! पुढे 1982 मध्ये इथल्या केनाऊपार्कात पुतळा बसला, तो ट्रूसने घडवलेला. ती शिल्पकार झाली होती.

1951 मध्ये शेजारच्या आजी सात वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील त्या स्मरणदिनी रस्त्यातूनच परत आले. नेलेली फुलं आईने स्वयंपाकघरात दुधाच्या बाटलीत ठेवली, आणि जेवताना कुणी काही बोललं नाही म्हणे.