मावशींचे सात सेकंद

आमच्या मोटिलिटी लॅबमध्ये, म्हणजे आतड्यांची हालचाल तपासतात तिथे, गुदद्वाराची मॅनोमेट्री मी करते. सेन्सर बसवलेली बारीक नळी आत सरकवायची आणि तिथले स्फिंक्टर, म्हणजे द्वार आवळून धरणारे स्नायू, किती दाब धरतात ते मोजायचं. आतला स्फिंक्टर झोपेतही आपोआप आवळलेला असतो. नळी नुसती ठेवली की दिसतो तो दाब बहुतांशी त्याचाच. बाहेरचा मात्र आपल्या हुकमतीतला. तो मोजायचा तर पेशंटला तोंडाने सांगावं लागतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

त्या दिवशी साठीच्या एक मावशी आल्या, सुनेला घेऊन. संडासवर ताबा राहत नाही, चार वर्षं झाली. सुनेला त्यांनी बाहेरच बसवलं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून झोपल्या. पदराचं टोक मुठीत घट्ट. नळी गेल्यावर स्नायू स्थिरावायला तीन मिनिटं द्यायची असतात. तेवढ्यात मी त्यांच्याकडच्या पाऊसपाण्याची चौकशी केली.

विश्रांतीतला दाब 45 मिलिमीटर पारा. त्या वयाला चालण्यासारखा. मग म्हटलं, "मावशी, आता आवळा." 62. परत, 58. तिसऱ्यांदा 60. घरी झालेली चार बाळंतपणं, त्यात कधीतरी स्नायू फाटला असणार, असं कुणालाही वाटलं असतं. 'बाहेरचा स्फिंक्टर दुबळा' असं लिहून मोकळं होता आलं असतं.

पण दर वेळी गुदाशयातला, म्हणजे वरचा सेन्सरही चढत होता. त्या श्वास रोखून पोट ताठ करत होत्या, मांड्या आवळत होत्या. माझा शब्द त्यांच्या भलत्याच स्नायूपर्यंत पोचला होता.

मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. "हे सैल सोडा. श्वास चालू द्या. आता असं समजा, एसटीत बसलाय, पोटात कळ आलीय, स्टँड अजून लांब आहे. धरून ठेवा."

स्क्रीनवरचा दाबाचा हिरवा पट्टा लालभडक झाला. 134.

मावशी काहीच बोलेनात. मग भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं गं?" भाचीच्या लग्नाला निघाल्या होत्या, तेव्हा एसटीतच झालं होतं. नवं लुगडं होतं अंगावर. पुढच्या थांब्याला उतरून त्या परत फिरल्या. त्यानंतर माहेरी गेल्याच नाहीत.

पहिले तीन आकडे मी बाद केले. यंत्रातून आकडा निघाला की तो खराच वाटतो. तो काढताना पेशंटला काय सांगितलं होतं, हे रिपोर्टात कुठेच नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

मग तीस सेकंदांची लांब पकड. सातव्या सेकंदाला लाल पट्टा विरून गेला. नळीच्या टोकाचा फुगा गुदाशयात फुगवताना कळही फार लवकर आली. म्हणजे स्नायूत जोर होता, टिकाव नव्हता. आणि टिकाव बायोफीडबॅकने, म्हणजे आपलाच दाब स्क्रीनवर बघत आवळायला शिकून, आणि रोजच्या सरावाने बराच वाढवता येतो.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. लाल पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, बोटाने दाखवलं. मावशींनी डोळे पुसले, चष्मा मागून घेतला.

"नळी काढू नको एवढ्यात," त्या म्हणाल्या. "परत करून बघते."

नऊ सेकंद.