आमची वाटचाल: दोन वकिलांमागे एक कारकून

1994 साली चन्नम्मा सर्कलच्या अलीकडं, कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर, जिन्याखालच्या खोलीत मी टायपिंगची दोन मशिनं मांडली. मराठी गोदरेज, इंग्रजी रेमिंग्टन. वर्षभरात कन्नड मशीन घ्यावं लागलं. बेळगावात वकिलाचं दप्तर तीन भाषांशिवाय पुरं होत नाही. दावा कन्नडात नाहीतर इंग्रजीत, पक्षकार बोलणार मराठीत, आणि जमिनीचा वाद असला की 1956 च्या आधीचं, मुंबई राज्याच्या काळातलं खरेदीखत किंवा वाटणीपत्र बाहेर येणार. ते मराठीत, त्याहून जुनं मोडी लिपीत.

माझे वडील एकाच वकिलांकडं तीस वर्षं कारकून होते. त्यांचं दाभण माझ्याकडं अजून आहे. कागदांच्या कडेपासून दोन बोटं सोडून भोक, पांढरा दोरा, गाठ मागच्या बाजूला. टाचण्या मारलेली फाइल चौथ्या सुनावणीला सुटते, शिवलेली अपिलापर्यंत टिकते. कार्बनच्या पाच प्रतींत पाचवी वाचता यावी म्हणून बोट कसं पडलं पाहिजे, हेही त्यांनीच शिकवलं. आता संगणकावर, कन्नडसाठी नुडी आणि मराठीसाठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर काम होतं, पण गोदरेजला मी दर पाडव्याला तेल देते.

टायपिंगवरून आम्ही कारकून पुरवायला लागलो. नव्या वकिलाला स्वतःचा कारकून परवडत नाही, म्हणून दोघांत मिळून एक द्यायचा. सकाळी त्या दिवशीच्या खटल्यांचा बोर्ड बघून कुठल्या हॉलमध्ये कितवा नंबर ते कळवणं, वकालतनाम्याला स्टॅम्प, समन्ससाठी प्रोसेस फी, ते बजावणाऱ्या बेलिफाच्या मागं लागणं, नकलेचा अर्ज, कागद तपासणाऱ्या शिरस्तेदारांनी काढलेलं ऑब्जेक्शन त्याच दिवशी दुरुस्त करणं, आणि रात्री डायरीत पुढची तारीख. अकराला कोर्ट बसतं. दोन वकील दोन हॉलमध्ये असले तर कारकून जिन्यावरून पळत का होईना, पोचतो. तिसरा असला की कुणीतरी पुकाऱ्याला गैरहजर.

अशी बरीच वर्षं गेली. 2008 ला धारवाडला हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ आलं, अपिलासाठी बेंगळुरूची रात्रीची गाडी धरणं संपलं आणि आमचं काम वाढलं. वकिलांची एकोणीस ऑफिसं आमच्याकडं होती.

2013 मध्ये आमच्याच गल्लीत दुसऱ्यानं हाच धंदा उघडला. दर आमच्या निम्मा, आणि एका कारकुनामागं दहा वकील. माझे दोन तयार कारकून त्यानं पगार वाढवून नेले, ते जाताना डायऱ्यांची झेरॉक्स घेऊन गेले. हे मी विसरलेले नाही. पण त्यानंतर जे केलं ते मीच केलं. दर टिकवायला मीही एकेका पोराकडं सात-सात वकील दिले.

आमच्या सर्वांत जुन्या वकीलसाहेबांचा एक पक्षकार होता. घराचं बांधकाम चालू, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद. शेजारी मनाई हुकूम आणेल म्हणून आधीच कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल केलेलं. कॅव्हेट नव्वद दिवस चालतं, पुढं नवं द्यावं लागतं. ते नव्वद दिवस आमच्या पोराच्या वहीत सात वकिलांच्या तारखांखाली गाडले गेले. चौऱ्याण्णवाव्या दिवशी शेजाऱ्यानं दावा लावून एकतर्फी मनाई घेतली. जूनचा पाऊस सुरू झालेला, स्लॅबचं सेंट्रिंग तसंच भिजत उभं. मनाई उठायला चार महिने लागले.

साहेबांनी पक्षकाराला माझ्यासमोर सांगितलं, "चूक माझ्या ऑफिसची." तो गेल्यावर मला म्हणाले, "त्या पोराच्या गळ्यात किती वकील बांधलीस?"

"सात, साहेब."

"मग त्याला एक शब्द बोलायचा नाही."

बार रूममध्ये ही गोष्ट दुसऱ्याच दिवशी पोचली. कुणी पोचवली ते मला ठाऊक आहे. दिवाळीपर्यंत एकोणीस ऑफिसांची सहा झाली. मंगळसूत्र सोडून बाकी सोनं सोसायटीत गहाण गेलं. साहेबांनी मात्र काम काढलं नाही. उलट वर्षाचे पैसे आगाऊ दिले आणि अट घातली: दोन वकिलांमागे एक, तिसरा घेतलास तर मी गेलो. ती अट मी सगळ्यांना लावली. दर वाढवला. तीन ऑफिसं परत आली, मग आणखी पाच. गल्लीतल्या त्या दुकानाचं शटर आता बंद असतं.

परवा एक तरुण वकील म्हणाले, अमेरिकेत मोठ्या लॉ फर्ममध्ये एक सेक्रेटरी चार किंवा त्याहून जास्त वकिलांना पुरते. तिथं एकेकाळी एका-दोघांमागे एक असायची हेही त्यांनी सांगितलं. संगणक आल्यावर तिथले वकील स्वतः टाइप करायला लागले. आपल्याकडं ई-फायलिंग आलं तरी स्कॅन करणारा वेगळा लागतो आणि बेलिफ काही ईमेलवर येत नाही. तेव्हा ऑफिस काढणाऱ्यांनो, आधी कारकून बघा, मग एसी बघा. त्याला गॅस सिलिंडर आणायला पाठवू नका. कॅव्हेटची वही वेगळी ठेवा, पंच्याऐंशीवा दिवस तांबड्या शाईनं लिहा, आणि ती वही दर शनिवारी वकिलानं स्वतः बघावी.

आज आमच्याकडं नऊ कारकून आहेत, वकील अठरा. मोडी वाचणारे गुरुजी शहापूरहून आठवड्यात दोनदा येतात, आता त्यांना भिंगाशिवाय दिसत नाही. त्यांच्याशेजारी एक मुलगी बसवली आहे. गेल्या महिन्यात तिनं एका जुन्या वाटणीपत्रातली चतु:सीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी, एकटीनं लावली, गुरुजींनी फक्त एका ओढ्याचं नाव दुरुस्त केलं.