आमची वाटचाल : बदललेला थ्रॉटल आणि न थांबलेला आवाज

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आम्ही दोघा भावांनी एका भाड्याच्या गाळ्यात गॅरेज सुरू केले, तेव्हा दारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनपर्यंत लोखंडी तारेची केबल जात असे. पावसाळ्यात ती गंजली की पेडल जड होई, कर्रकर्र आवाज येई आणि केबलमध्ये तेल सोडले किंवा ती बदलली की काम संपे. आवाज कुठून येतो हे हात लावून कळत असे, त्यामुळे निदान हे वेगळे काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे घ्यावेत, असे आमच्या मनातही आले नव्हते.

मुंबई आणि परिसरात 2010 साली गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारी भारत स्टेज 4 ची मानके लागू झाली, 1 एप्रिल 2017 पासून ती देशभर आली, आणि या काळात बिनकेबलच्या थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) गाड्या आमच्याकडे वाढत्या संख्येने येऊ लागल्या. अशा गाडीत पेडलखाली सेन्सर असतो. तो पाय किती दाबला हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवतो, आणि ईसीयू थ्रॉटल बॉडीतील, म्हणजे झडप ज्यात बसते त्या भागातील, लहानशा मोटरला हुकूम देऊन नायलॉनच्या दातेरी चाकांमार्फत हवेची झडप फिरवतो. झडप खरोखर किती उघडली हे सांगायला आत दोन सेन्सर असतात. अनेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो, आणि दोघांचा हिशेब जुळला नाही तर ईसीयू धोका न पत्करता गाडीची ताकद कमी करतो. हे सारे आम्ही पुस्तकातून आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणातून शिकलो होतो, पण कानाने शिकलो नव्हतो.

त्याची किंमत आम्हाला एका सेकंड हँड हॅचबॅकने मोजायला लावली. कोलशेतला राहणारे एक निवृत्त शिक्षक नुकतीच घेतलेली ती गाडी घेऊन आले आणि म्हणाले, “दादा, चावी काढल्यावर बॉनेटखालून 4-5 सेकंद घूं असा आवाज येतो आणि मग टक् करून थांबतो. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं.” आम्ही बॉनेट उघडले, थ्रॉटल बॉडीवर हात ठेवला, थरथर जाणवली आणि भाग खराब असल्याचा निर्णय देऊन टाकला. ईसीयूतील नोंदी वाचणारा स्कॅनर लावला होता. त्यात बिघाडाचा एकही कोड नव्हता, तरीही आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. नवी थ्रॉटल बॉडी बसवली, सरांनी पैसे दिले, गाडी बंद केली, आणि घूं... टक्.

योगायोगाने त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्या दिवशी ब्रेकच्या कामासाठी उभी होती. तिची चावी फिरवून बंद केली, तर तिनेही तेच गाणे म्हटले. त्या गाड्यांत चावी काढल्यावरही ईसीयू काही सेकंद जागा राहतो, झडप हलवून तिची मूळ जागा तपासतो, आणि शेवटी मेन रिले, म्हणजे ईसीयूला वीज देणारा स्विच, सुटतो, त्याचा तो टक् आवाज. गाडी धडधाकट होती. आम्ही जुनी थ्रॉटल बॉडी परत बसवून सरांचे सगळे पैसे परत केले. पुरवठादाराने मात्र विजेचा माल परत घेत नाही असे सांगितले, आणि त्याचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीने चूकही नव्हते. तो नवा भाग आम्ही नंतर कापून उघडला. आजही नव्या मुलाला मोटर, स्प्रिंग आणि दातेरी चाके त्यातच दाखवली जातात.

त्यानंतर आम्ही एक वही घातली आणि प्रत्येक धडधाकट गाडीचा आवाज मॉडेलनुसार लिहायला लागलो. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली की बारीक गुणगुण येते ती बहुधा सामान्य असते, कारण मोटरला झडप एका जागी धरून ठेवण्यासाठी प्रवाह तोडून तोडून दिला जातो. याउलट त्याच स्थितीत पेडल सावकाश दाबताना खडखड झाली, किंवा एका ठरावीक कोनावर अडखळल्यासारखा आवाज आला, तर दात्यांची झीज तपासावी लागते. यासाठी स्कॅनरवर ईसीयूने मागितलेला कोन आणि झडपेने प्रत्यक्ष दिलेला कोन हे दोन आलेख शेजारी लावतो, कारण झिजलेल्या चाकात दुसरा आलेख मागे रेंगाळतो किंवा उडी मारतो. एवढे पाहिल्याशिवाय थ्रॉटल बदलायचा नाही, हा नियम आमच्या भावाने भिंतीवर रंगवून घेतला. मला ते जरा जास्त वाटले होते.

थ्रॉटलच्या नावावर खपणारे निम्मे आवाज त्याचे नसतात, असा आमचा अनुभव आहे. इंजिन गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, येणारी टिकटिक अनेकदा पेट्रोलच्या वाफा इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची असते, आणि त्याचा कनेक्टर क्षणभर काढला की ती थांबते. शिट्टीसारखा आवाज असेल तर थ्रॉटलखालचे गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी पट्टी) किंवा एखादा फाटलेला होज (रबरी नळी) हवा ओढत असण्याची शक्यता जास्त, म्हणून स्मोक मशीन लावून धूर कुठून निघतो ते पाहतो. घोडबंदर रोडवर तासन् तास रेंगाळणाऱ्या गाड्यांत झडपेच्या कडेला कार्बन साचतो आणि आरपीएम वरखाली होऊ लागतो. तो साफ करताना आतला लेप खरवडू नये, झडप बोटाने जबरदस्तीने ढकलू नये, आणि नंतर ज्या गाडीला लागते तिला आयडलची नवी शिकवण द्यावी. घाईचे मिस्त्री ही शेवटची पायरी गाळतात आणि गिऱ्हाईक पुन्हा फेऱ्या मारते.

तपासणीचे शुल्क वेगळे घ्यायचे ठरवले तेव्हा विरोध झाला. “नुसतं ऐकायचे पैसे?” हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला की उत्तर देणे सोडून दिले आणि लेखी अहवाल देऊ लागलो. हळूहळू जुनी गाडी घेण्यापूर्वी ती आमच्याकडे आणण्याची पद्धत पडली, ठाण्यासह ऐरोली आणि कळव्याहूनही लोक येऊ लागले, आणि त्या कामाच्या बळावर शेजारचा दुसरा गाळा घेता आला. काही दलालांनी आमच्याकडे गाडी पाठवणे बंद केले, ज्याचे फारसे दुःख झाले नाही.

सरांनी पुढे ती हॅचबॅक विकली. मधल्या काळात त्यांना आम्ही एक अहवाल दिला होता: “गाडी बंद केल्यावरचा आवाज या मॉडेलमध्ये सामान्य, कोणताही भाग बदलण्याची गरज नाही.” तो कागद त्यांनी गाडीच्या फायलीत ठेवून नव्या मालकाच्या हवाली केला. त्या गृहस्थांचा मागच्या महिन्यात आम्हाला फोन आला. आवाजाविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. त्यांना फक्त सर्व्हिसिंगची वेळ हवी होती.