लाइट आल्यावर क्लस्टर स्वतः उभा राहावा म्हणून

आमच्या विभागातला क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा समूह, तसा लहान. प्रत्यक्ष काम करणारे चोवीस संगणक म्हणजे कॉम्प्यूट नोड, त्यांना सांभाळणारा एक हेड नोड, एक स्टोरेज सर्व्हर, आणि रांगेतले जॉब वाटून द्यायला स्लर्म. माझ्याआधी ज्यांनी तो सांभाळला, त्यांनी निवृत्त होताना माझ्या हातात एक लांबडी वही ठेवली. "लाइट गेली की ही उघडायची आणि यातली एक ओळसुद्धा मागंपुढं करायची नाही," म्हणाले. पहिल्याच पानावर निळ्या शाईत क्रम लिहिलेला होता. आधी एसी. मग स्टोरेज. मग हेड नोड, त्याचं घड्याळ, ओळख पटवणारी मंज, स्लर्मचा कंट्रोलर. मग चार-चार करून नोड. प्रत्येकावर लॉगिन करून स्टोरेजवरची होम डिरेक्टरी दिसतेय का ते बघायचं आणि त्यानंतरच स्लर्मडी, म्हणजे त्या नोडवरचा स्लर्मचा प्रोग्राम, सुरू करायचा.

सगळं सुरळीत झालं तरी यात दोन तास जायचे. पुण्यातल्या पावसाळ्यात ही वेळ वरचेवर येते, आणि हमखास रविवारी. पहिल्या वर्षी मी ती वही घरीच ठेवायला लागलो होतो.

मग मला वाटलं, यात अवघड ते काय? एक स्क्रिप्ट लिहिली आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला लावली. दर पाच मिनिटांनी बघायचं, स्लर्मडी बंद असेल तर सुरू करायचा. दोन महिने मस्त चाललं. नोड रीबूट झाला तरी आपोआप परत यायचा, मला कळायचंही नाही.

एका सोमवारी सकाळी पीएचडी करणारी एक मुलगी दारात उभी. "सर, रात्री तीनशे जॉब लावले होते. जवळजवळ सगळे संपलेत, पण संपलेल्या एकाचीही आउटपुट फाइल नाही. एररची पण नाही." स्लर्मच्या अकाउंटिंगमधून, म्हणजे जॉबच्या नोंदींतून, यादी काढली. तीनशेपैकी दोनशे एक्याऐंशी जॉब फेल, प्रत्येकाचा वेळ एक सेकंद, आणि सगळ्यांच्या पुढे एकच नाव: एन-१७.

झालं असं होतं की एन-१७ रात्री रीबूट झाला आणि त्या वेळी स्टोरेजशी त्याचं जमलं नाही. होम डिरेक्टरी माउंटच झाली नाही, म्हणजे नोडला जोडलीच गेली नाही. वहीच्या क्रमाने गेलो असतो तर मी तिथेच थांबलो असतो. माझ्या स्क्रिप्टला माउंटचं काही देणंघेणं नव्हतं. तिने स्लर्मडी सुरू केला आणि नोड "मी मोकळा आहे" असं सांगत रांगेत आला. जॉब आला, आउटपुट फाइल उघडायला जागाच नाही, सेकंदात मेला. नोड पुन्हा मोकळा, म्हणून पुढचा जॉबही त्यालाच. बाकीचे तेवीस नोड प्रामाणिकपणे तासन् तास काम करत होते, त्यामुळे ते मोकळे होत नव्हते. बिघडलेला मात्र सतत हजर. क्लस्टरवाले अशा नोडला ब्लॅक होल म्हणतात. रात्रभरात त्याने अख्खी रांग गिळली होती.

त्या मुलीला चार दिवसांनी गाइडपुढे निकाल मांडायचे होते. मी तिचे जॉब रांगेत वर घेतले, पण गेलेली रात्र गेलीच. त्या दिवशी मला वहीतला "बघ" हा शब्द पहिल्यांदा नीट दिसला. प्रत्येक दुसऱ्या ओळीत तो होता. मी फक्त "सुरू कर" तेवढं उचललं होतं.

मग नव्याने सुरुवात केली. आधी काय असायला हवं ते सगळं अँसिबल या संगणकांची मांडणी सांभाळणाऱ्या साधनात लिहून काढलं. अँसिबल २०१२ पासून आहे, पण त्यामागचा विचार जुना: पायऱ्या सांगत बसू नका, शेवटी काय स्थिती हवी ते सांगा आणि यंत्राला तिथे पोचू द्या. नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफएंजिन हे साधन केलं ते याच धर्तीवर. मी प्लेबुक, म्हणजे हव्या त्या स्थितीची यादी, लिहिलं आणि काहीही न बदलता नुसतं तपासायच्या मोडमध्ये चालवलं. सहा नोडवर स्लर्मची कॉन्फिग फाइल वेगळी निघाली. दोन नोडवर घड्याळ जुळवणारी क्रोनी बंदच. आठ-आठ वर्षं हाताने केलेल्या बदलांचा हा गाळ होता आणि तो काढायला मला तीन आठवडे लागले. पण ज्या दिवशी सलग दुसऱ्यांदा चालवल्यावर चोवीसही ओळींत "चेंज्ड शून्य" आलं, त्या दिवशी मी खरोखर आनंदात घरी गेलो.

पुढचं काम क्रमाचं. सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीत स्लर्मडीच्या युनिटमध्ये, म्हणजे सूचनांच्या फाइलमध्ये, सांगून ठेवता येतं की होमचं माउंट झाल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. ते केलं. घड्याळाने मात्र छळलं. मंज ही सर्व्हिस नोडची एकमेकांशी ओळख पटवते. सगळीकडे तीच किल्ली लागते, आणि तिने दिलेली चिठ्ठी साधारण पाच मिनिटंच चालते. घड्याळ त्याहून जास्त चुकलं की ओळख नाकारली जाते. आमच्या दोन नोडच्या मदरबोर्डवरची बटनासारखी बॅटरी संपली होती, त्यामुळे लाइट गेली की ते थेट कितीतरी वर्षं मागे जाऊन उठायचे. मंजच्या युनिटमध्ये "वेळ जुळल्यावर सुरू हो" असं लिहिलेलं असतंच, मग अडत कुठे होतं? शेवटी सापडलं: क्रोनी सुरू झाली म्हणजे वेळ जुळली असं होत नाही. वेळ खरोखर जुळेपर्यंत थांबणारी क्रोनी-वेट नावाची वेगळी सर्व्हिस आहे आणि ती आमच्याकडे चालूच केलेली नव्हती. ती चालू केली, बॅटऱ्याही बदलल्या.

तिसरी गोष्ट तब्येत तपासायची. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेली नोड हेल्थ चेक ही स्क्रिप्ट यासाठी सर्रास वापरतात. स्लर्मला सांगायचं की दर पाच मिनिटांनी ही चालव. माउंट नाही, मेमरी कमी दिसतेय, डिस्क भरलीय, असं काही आढळलं की ती नोडला ड्रेनमध्ये टाकते, म्हणजे चालू जॉब चालू राहतात पण नवा मिळत नाही, आणि कारणही लिहून ठेवते. तब्येत सुधारली की नोड परत आणते, पण फक्त तिने स्वतः बाजूला काढलेला. माणसाने काढलेल्याला हात लावत नाही. ही समज मला फार आवडली.

इथवर आल्यावर मी एक मोठी चूक केली. स्लर्मडीचं युनिट मी स्वतः लिहिलं होतं आणि रिकाम्या नोडवर तपासलं होतं. रीस्टार्ट केलं, सर्व्हिस उठली, छान. मग एका दुपारी सगळ्या नोडवर एकदम लावलं. अकरा जॉब जागच्या जागी मेले. त्यातला एक नऊ दिवस चालू होता.

स्लर्मडी रीस्टार्ट झाला तरी चालू जॉबना धक्का लागत नाही, हे खरं. पण ते कधी, तर युनिटमध्ये किलमोड "प्रोसेस" लिहिलेला असेल तर. लिहिला नाही तर सिस्टिमडी सर्व्हिस थांबवताना तिच्या गटातली प्रत्येक प्रोसेस मारतो, जॉबसकट. स्लर्मबरोबर येणाऱ्या युनिटमध्ये ती ओळ असते; माझ्यात नव्हती. आणि रिकाम्या नोडवर मारायला जॉबच नव्हता, त्यामुळे चाचणीत दिसणार तरी काय? नऊ दिवसांचा जॉब ग्रोमॅक्स या रेणूंच्या हालचाली मोजणाऱ्या प्रोग्रामचा होता. ते दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तिथवरच्या कामाची नोंद, लिहितं, म्हणून तो वाचला. दोघांचे स्वतः लिहिलेले कोड होते, त्यांना पहिल्यापासून चालवावं लागलं. दोघांकडेही जाऊन मी काय झालं ते सांगितलं आणि माफी मागितली.

तेव्हापासून नियम असा. एका वेळी दोनच नोड. आधी ड्रेन, जॉब संपेपर्यंत थांबणं, बदल, रीबूट, तब्येतीची तपासणी, मगच परत रांगेत. आणि चाचणीच्या नोडवर कायम एक खोटा जॉब झोपवून ठेवलेला असतो. बदलानंतर तो जिवंत असला तरच पुढे जायचं. चोवीस नोड व्हायला कधी आठवडा लागतो. लागू दे.

मागच्या महिन्यात रविवारी रात्री लाइट गेली. नोडना आता वीज आल्याबरोबर आपणहून चालू व्हायची परवानगी नाही, बायॉसमध्येच तसं केलंय. हेड नोड उठतो, स्टोरेज तपासतो, हवा ओढण्याच्या बाजूचं स्वतःचं तापमान बघतो आणि ते पंचवीसच्या खाली आलं की आयपीएमआयवरून, म्हणजे बंद यंत्र दुरून चालू करायच्या सोयीने, चार-चार नोड चालू करतो. मी घरून फक्त स्क्रीन बघत होतो. तापमान एकतीसवर अडून बसलं. वहीतली पहिलीच ओळ: आधी एसी. आमचा एसी लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाही.

वॉचमन काकांना फोन लावला. "काका, सर्व्हर रूमच्या भिंतीवरचा पांढरा रिमोट..." ते म्हणाले, "माहितीये साहेब, आधीचे साहेब पण हेच सांगायचे." वीस मिनिटांत तापमान उतरलं आणि नोड चार-चार करून यायला लागले. बाविसाव्या नोडपुढे ड्रेन लिहिलेलं होतं, कारण: मेमरी अपेक्षेपेक्षा कमी. सोमवारी उघडून पाहिला तर एक रॅमची पट्टी गेली होती. बाकीचे तेवीस तोवर कामाला लागले होते.